चारीवरचं स्मारक

दत्ताने देशासाठी प्राण दिले आणि देश त्याला कधीही विसरणार नाही. शोकसभेत सहा वक्त्यांनी हे सांगितलं. त्यातल्या दोघांनी त्याचं नाव आधी चिठ्ठीत पाहून घेतलं.

कारगिलहून बातमी आली तेव्हा मी बांधावरच होतो. अंथुर्ण्यापासून दोन कोसांवर आमची वस्ती. दत्ताचं आणि माझं शेत लागून. जीपमधून साहेब उतरले, दत्ताचे वडील आबा यांच्याशी हळू आवाजात बोलले. आबा खोऱ्यावर हात टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "एवढा वाफा भरू द्या... आलोच." साहेब उन्हात थांबले. शोकसभेत स्मारक समितीचे अध्यक्ष नाना यांनी मात्र सांगितलं की, त्या क्षणी आबा गरजले, 'आणखी मुलगा असता तर तोही दिला असता!' आबा पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. हे वाक्य आपलं आहे, हे त्यांना तिथेच कळलं.

दत्ता फौजेत का गेला, याचंही त्या दिवशी बरंच संशोधन झालं. रक्तातलं शौर्य वगैरे. मी त्याला एकदा विचारलं होतं. "मास्तर, मला पळायला चांगलं येतं," तो म्हणाला, "पण हितं पळून जायाचं कुठं? कालव्यापर्यंत?" तो सुट्टीवर यायचा तो कालव्याच्या पाण्याची पाळी बघून. शेवटच्या सुट्टीत त्याने एक एकर डाळिंब लावलं आणि रस्त्याच्या कडेने पाणी आणायला नवी चारी खोदली, दोरी लावून, सरळ. मी वरून सूचना करत होतो. "मास्तर, तुमी पुस्तकातनं शेती करा. म्हंजे तुमचं पानी आपसूक माझ्याकडं येतंय," असं म्हणून तो हसला... आणि खरंच, पाळी माझी असली तरी निम्मं पाणी त्याच्याकडेच जायचं.

निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे स्मारकाला उशीर चालणार नव्हता. मोटारीतून दिसेल अशी जागा हवी होती. ती रस्त्याच्या कडेला सापडली आणि दोन दिवसांत काँक्रीटचा चौथरा ओतलाही.

"नाना, त्याच्या खाली चारी हाय," आबा म्हणाले.

"आबा, शहिदाच्या स्मारकाला चारी आडवी येते व्हय?"

"चारी कुठं आडवी येतीय? ती आधीपासनं हितंच हाय. पोरानंच काढलीय. पाऊस न्हाय. मंगळवारची पाळी चुकली तर डाळिंब जातंय."

"बुधवारी अनावरण हाय. त्येच्यानंतर बघू."

पाळी पुन्हा तीन आठवड्यांनी येणार होती. रोपं गुडघ्याएवढी होती. तेवढं थांबणं त्यांना जमणारं नव्हतं.

मंगळवारी सकाळी आबांनी पहार आणली. मी माझ्या विहिरीवरचा जुना पाइप आणला. चौथऱ्याच्या तळाला भोक पाडत असताना नाना मोटारसायकलवरून आले आणि ओरडले, "आबा, हुतात्म्याचा अपमान करताय!"

आबांनी मान वर केली नाही. "मास्तर, पाइप सरळ धरा," एवढंच म्हणाले. दुपारी पाणी आलं आणि पाइपातून पलीकडे गेलं. आबा बांधावर उकिडवे बसून होते, शेवटचं रोप भिजेपर्यंत. मग त्यांनी डोक्याचा पटका सोडून तोंडावर धरला. बराच वेळ.

बुधवारी अनावरण झालं. पाहुण्यांनी आबांना शाल दिली आणि भाषणात त्यांचा उल्लेख वीरमाता असा केला.

डाळिंब जगलं आहे. पहारीने चौथऱ्याला एक तडा गेला. तो दिसू नये म्हणून समितीने तिथे एक कुंडी ठेवली. तिला पाणी कोणी घालायचं, हे समितीच्या दोन बैठकांत ठरलं नाही, आणि तिच्यातलं झाड वाळलं.