राबावरची राहुटी

नाशिकहून निघताना बायकोनं बजावलं होतं, "निदान या प्रवासात तरी फौजदारी करू नका हं!" मी साधा शाळामास्तर. पण भाजीवालीच्या तागडीपासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांवर माझा संशय, म्हणून घरात मला फौजदार म्हणतात. म्हणोत बापडे! आजवर मला कुणी टोपी घातलेली नाही.

जव्हार संस्थानात डोंगर तुडवायचे आणि तळ्याकाठी राहुटी ठोकून राहायचं, असा बेत होता. मोखाड्याच्या घाटानं हाडं खिळखिळी केली. शिरपामाळावर वारा खाऊन जरा बरं वाटलं. पण जामसरच्या वाटेला लागलो आणि गाडीच्या चाकाची धाव (लोखंडी पट्टी) निखळली. तळ्यापाशी मला सामानासकट उतरवून गाडीवान सखाराम म्हणाला, "जव्हारला लोहाराकडं जाऊन सांजेपर्यंत येतो." भाडं आगाऊ घेतलेला माणूस परत येतो की नाही, देव जाणे.

तळं मात्र दृष्ट लागण्यासारखं होतं. उन्हाळ्यानं पाणी आत सरकलेलं, चिखलात बगळे उभे. आसपासची झाडं तेवढी फांद्या छाटून बोडकी केलेली. लाकूडचोरांचा मुलूख दिसतोय, असं मी मनाशी म्हटलं. काठापासून थोडं वर एक लांबट तुकडा छान सारखा केलेला होता. पाय ठेवला तर गादीच! वर भुसभुशीत माती, खाली पाला. मी तिथेच राहुटी ठोकली.

दुपारी माणसं दिसू लागली. जवळ कुणी येईना. झाडाखाली उकिडवे बसून सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते. एकाच्या हाती कोयता. शेवटी तो कोयतेवाला उठून आला, नागलीची (नाचणीची) भाकरी पुढे करून म्हणाला, "सायेब, किती दिस राहणार?"

झालं! मी किती दिवस आहे, एकटा आहे का, हेच काढून घ्यायचंय याला. भाकरीत काय कालवलं असेल, कोण जाणे. मी ती बाजूला ठेवली आणि आवाज चढवून म्हणालो, "हवे तितके दिवस! मी सरकारी माणूस आहे. वरून हुकूम आहे मला. इथे कुणी हात लावला तर याद राखा!"

त्याचा चेहरा पडला. तो परत गेला, झाडाखाली कुजबुज झाली आणि एक बाई तोंडाला पदर लावून रडू लागली. मी चक्रावलो. दरोडेखोरांच्या बायका रडतात कधी?

उन्हं कलली तसे डोंगरामागून ढग चढू लागले. एक म्हातारी काठी टेकत थेट माझ्यापाशी आली. मागे तो कोयतेवाला, तिचा मुलगा, हातात पेटतं लाकूड घेऊन. मी तंबूचा खुंटा उपसून हातात धरला.

"ढग बघ," म्हातारी म्हणाली. "पाणी पडलं तर राब भिजंल. भिजला का जळणार नाय. मग रोप कुठं लावू? वरीसभर पोरांना काय देऊ? सरकार राब बंद करणार, असं ऐकलं होतं. तू त्यालाच बसलास ना आमच्या राबावर?"

तेव्हा उलगडलं. शेण, छाटलेल्या फांद्या, पाला आणि वर माती असा थर रचून उन्हाळ्यात जाळायचा आणि त्या राखेत भाताचं बी पेरायचं, त्याला हे लोक राब म्हणतात. माझी गादी म्हणजे त्यांचा वर्षाचा भात होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, मी मास्तर आहे. घाबरलो म्हणून खोटं बोललो." मी भराभर खुंटे उपसले. मुलानं राहुटी ओढून बाजूला टाकली. मी म्हणालो, "लावा आता."

म्हातारी हलेना. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून तिनं मुलाच्या हातातलं लाकूड घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "तूच लाव."

"मी? मी कशाला?"

"सरकारी नाहीस म्हणतोस ना? मग लाव. आमी लावला तर उद्या जाऊन सांगशील. तू लावल्यावर काय सांगशील?"

अहो, मी फौजदार, पण संशयात ही तर माझी आजेसासू निघाली! मी लाकूड घेतलं. "तिकडून नको, येडा का काय!" ती ओरडली. "वाऱ्याच्या उलट्या अंगानं लाव. हळू जळाया पायजे." मी लावला. धूर उठला, मातीखालून आग सरकू लागली आणि मघाची ती रडणारी बाई डोळे पुसत हसली. ढग तसेच पुढे निघून गेले. बाजूला ठेवलेली भाकरी मी तिथेच बसून खाल्ली. सखारामही आला, तोही सांगितल्या वेळेला.

घरी राहुटी उलगडली तर धुराचा वास घरभर पसरला. बायकोनं विचारलं, "काय जाळून आलात?" मी सांगितलं नाही. अजूनही खाकी कपड्यातला माणूस दारावरून गेला की छातीत धस्स होतं. पण यंदा पाऊस लांबला तर माझ्या जिवाला घोर लागेल. जामसरच्या वाटेवर एका म्हातारीचं रोप उगवायचं आहे आणि तो राब मी पेटवलाय.