चिंचगूळ कुठं दिसेना

शोभा बाजारात चालायची ती पुढच्या बाईच्या चालीनं. पुढची रेंगाळली की ही रेंगाळणार, पुढची भाजीपाशी थबकली की हीसुद्धा थबकणार. आधी मला वाटलं, थट्टा करतेय. विचारलं तर म्हणाली, "सवय हाय, अक्का. घाई केली की माणूस दिसतं."

देगलूरकडची पोर. तिकडं तेलुगू-कानडीचा शेजार, म्हणून मला अक्का म्हणायची. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेलं. नांदेडात माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची, ब्लाऊज शिवायची. नवरा शोधतोय, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "ठेवायचं तर ठेवा, न्हाईतर आत्ताच न्हाई म्हणा." मी ठेवलं. मला एकटीला तरी बोलायला कोण होतं?

संध्याकाळी आम्ही दोघी मोबाईलवर खेळायचो. हसू नका, तिनंच शिकवलं मला. एका चौकात माणसांची ही गर्दी, आणि एकाच चेहऱ्याची कितीतरी माणसं. बहुतेक नुसती चित्रं, मोबाईलच त्यांना फिरवतो. थोडी मात्र खरी, म्हणजे आपल्यासारखंच कोणीतरी कुठंतरी बसून खेळत असतं. प्रत्येकाला एक सावज नेमून देतात, त्याला ठरल्या वेळात गुपचूप गाठून मारायचं. आणि आपल्या मागावर कोण आहे, ते आपल्याला कळत नाही. मी आपली धावत सुटायचे आणि लगेच मरायचे. "अक्का, पंगत चुकल्यावानी कुठं पळून राहिलात!" म्हणून ती खिदळायची. खेळातलं तिचं नाव चिंचगूळ. चिंचगूळ कोणाच्या हाती लागलेली मी कधी पाहिली नाही.

एकदा मी म्हटलं, "बाई, जिवाला हाच घोर असताना हा खेळ कशाला?"

"इथं मेलं तरी परत उठता येतंय, अक्का."

एका सकाळी गुरुद्वाऱ्यात लंगरच्या सेवेला गेलो होतो. डोक्यावरून ओढण्या घेतलेल्या बायांच्या रांगेत बसून रोट्या लाटत होतो. तेवढ्यात शोभा पुटपुटली, "दीर आला." मान वर न करता. मोबाईलवर तिचा फोटो धरून एक माणूस येत होता. माझं लाटणं थांबलं. शोभाचं लाटणं मात्र शेजारणीच्या लाटण्याबरोबर चाललेलं, पुढं नाही, मागं नाही. तो नेमका माझ्यापाशी थांबला. "मावशी, हिला कुठं पाहिलं का?"

मग माझं तोंड सुटलं. "कोण रे बाबा तू? कुठला? बायको हाय का बहीण? चष्मा घरीच राहिला बघ, धर जरा जवळ. आमच्या शेजारच्या पोरीसारखी दिसती, पण ती उंच हाय. तू जेवलास का?" तो वैतागला, "राहू द्या मावशी," म्हणाला आणि शोभाच्या पाठीमागून निघून गेला.

घरी येऊन तिनं पिशवी भरली. "आज चुकला, उद्या गाठील."

"कुठं जातीस?"

"तुम्हाला न्हाई सांगत. तुम्ही लई बोलता." रडता रडता आम्ही दोघी हसलो. "कोणी विचारलंच तर लातूर सांगा."

म्हणजे लातूरला नाही, एवढंच मला कळलं.

त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. पेपरात अनोळखी बाई सापडल्याची बातमी आली की मी आधी साडीचा रंग बघते. खोली मी अजून कोणाला दिलेली नाही. शिलाई मशीन चालल्यासारखं वाटतं, उठून जाते, तर काही नसतं.

मग थंडीत एकदा खेळ उघडला आणि माझ्या नावावर सावज आलं: चिंचगूळ. चेहरा हिरव्या लुगड्यातल्या फुलवालीचा. फोन तिचा, पण हातात कोणाच्या? चौकात तसल्या फुलवाल्या कितीतरी. एक कारंज्यापाशी उभी, दोघी बाकावर बसलेल्या, काही घोळक्यातून सावकाश चाललेल्या. मी एकेकीच्या मागं फिरले. सगळ्या सारख्याच. त्यांतली कोणती खरी, मला ओळखता येईना. फोन दुसऱ्या कोणाच्या हातात असता, तर ती सापडली असती मला.

वेळ संपली. पडद्यावर आलं, तुम्ही हरलात.

ते नाव पुन्हा आलेलं नाही. मी रोज खेळ उघडते. आलंच कधी, तर मला पुन्हा हरायचंय.