चहा मोजलाच नव्हता

"हार्ट फेल्युअर," सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मी घाबरून स्वतःचीच नाडी धरली. हृदय फेल झालं, तर मी बोलतोय कसा?

डॉक्टर हसले. "बंद नाही पडलेलं. पंप कमजोर झालाय, म्हणून अंगात पाणी साठतंय." पायांची सूज, चार पायऱ्यांत लागणारी धाप, सगळं त्यातलंच.

आष्ट्यात मी पस्तीस वर्षं पोस्टमन होतो. अशा चालत्या माणसाला घरच्यांनी खाटेला बांधलं. दोरीनं नव्हे, बायकोच्या नजरेनं. मोरीकडं निघालो तरी ती ओरडायची, "आवं, कुठं निघालासा? गप पडा!" दोन महिने समोरच्या भिंतीचा सुटत आलेला एकच पोपडा बघत होतो. पळून जावंसं वाटायचं, पण सूज उतरून पायांच्या काड्या झालेल्या.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "आता एक्सरसाइज थेरपी. म्हणजे औषधासारखा मोजून व्यायाम. आधी पाच मिनिटं चाला, मग हळूहळू वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की थांबायचं. पाणी दिवसाला दीड लिटर. रोज वजन बघा."

मी थेट माझ्या जुन्या बीटावर, पत्रं वाटायच्या गल्ल्यांत निघालो. बोलणं तुटायचा प्रश्नच नव्हता. दर दोन घरांआड हाक यायची, "पोस्टमनकाका, च्या घ्या की वाईच!" जन्मभर ज्यांची पत्रं वाटली, त्यांना नको कसं म्हणायचं?

आठवड्यात वजन अडीच किलोनं वाढलं. चपलेत पाय जाईना. डॉक्टर गंभीर झाले. "चालणं सोसत नाही बहुतेक. पुन्हा विश्रांती घ्यावी लागेल."

मला तिथंच तो पोपडा दिसला.

"पाणी किती पिता?"

"मोजून दीड लिटर. तांब्याच वेगळा ठेवलाय."

"आणखी काही?"

"काही नाही. नुसता चहा."

"किती?"

मी बोटं मोजू लागलो. डावा हात संपला, उजवा सुरू झाला. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "गाव पिऊन आलासा व्हय!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, चहा कशाचा करतात?"

चहा सुटला, औषध बदललं, सूज उतरली, चालणं वाचलं. आता बायको दोन पावलं पुढं चालते आणि दारादारात सांगते, "ह्यांचा च्या बंद हाय." पंचवीस मिनिटं चालतो. हृदय कमजोरच आहे, तसंच राहणार. खाटेवरच्या माझ्या सोबत्यांनो, डॉक्टरांना विचारून चाला आणि प्यालेलं सगळं सांगा.

बायकोचे उपकार तोंडावर मानले, तर ती अजून एक पाऊल पुढं जाईल. म्हणून इथंच लिहितो.

तो पोपडा परवा पडला म्हणे. मला दोन दिवसांनी कळलं.