पूर्वपक्षाची नव्वद पाने

सुरुवातीलाच माफी मागतो. आठवणी लिहाव्यात अशी माणसे वेगळी असतात, आणि मी त्यांच्यातला नाही हे मला माहीत आहे. माझी मराठी घरात ऐकलेली. शाळा हिंदीत झाली, कॉलेज इंग्रजीत, आणि ट्रामच्या कंडक्टरशी बोलायचे ते बंगालीत. पुढे मिळेल ते वाचून मी ती दुरुस्त करत गेलो, तरी एखादे वाक्य अडखळेल, ते सांभाळून घ्यावे. ही माफी लिहिण्याच्या धिटाईपुरती आहे. पुढे ज्या प्रबंधाची गोष्ट येणार आहे, त्याच्याबद्दल मी माफी मागणार नाही. तेव्हाही मागितली नव्हती.

वडील कलकत्त्यात गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत दफ्तरी होते. जुन्या फायली बांधायच्या, रेकॉर्ड रूममध्ये रॅकवर लावायच्या आणि साहेबांनी मागितली की काढून द्यायची, हे त्यांचे काम. नागपूरकडून तरुणपणी बदलून आले ते इथलेच झाले. शिक्षण सातवीपर्यंत. कोणती फाईल कुठल्या रॅकवर, कशाच्या खाली, हे सगळे त्यांच्या डोक्यात असे. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिला.

तत्त्वज्ञान मी निवडले असे म्हणणे खोटे होईल. अर्थशास्त्राच्या यादीत माझे नाव लागले नाही, तत्त्वज्ञानाच्या लागले. पहिल्याच महिन्यात एका प्राध्यापकांनी वर्गाला विचारले, की काल तुम्ही जेवलात हे तुम्हाला माहीत आहे, की नुसते आठवते? मुले हसली. मग त्यांनी सांगितले, की आपल्याकडच्या जुन्या नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांच्या, मते स्मृती हे ज्ञान असले तरी अस्सल ज्ञान नव्हे. ती नवे काही सांगत नाही, आधी पाहिलेल्याचा ठसा तेवढा परत दाखवते. मी ते वहीत उतरवून घेतले आणि विसरलो.

त्याच वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाची पंगत होती. वडील वाढत होते, मी पानावर. माझ्या शेजारी पुण्याहून बदलून आलेले त्यांच्याच कचेरीतले एक अधिकारी बसले होते. वडील तूप घेऊन समोर आले तेव्हा साहेब आसपासच्या चौघांना ऐकू जाईल असे म्हणाले, "हे आमचे दफ्तरी. कळत काही नाही, पण आठवतं मात्र सगळं."

पंगत हसली. वडीलही हसले आणि त्यांनी साहेबांच्या भातावर आणखी एक चमचा तूप वाढले. मग साहेबांनी मला विचारले, काय शिकतोस. मी सांगितले.

"वा! म्हणजे बाप फायली शोधणार आणि लेक त्या मुळात आहेत की नाहीत ते शोधणार."

मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. उत्तर सुचले नाही असे नाही, उत्तर नव्हतेच. साहेब म्हणाले तेच वर्गातले नैयायिकही म्हणत होते, फक्त ते संस्कृतात म्हणत होते. त्या पंगतीत मी ठरवले, की ह्या म्हणण्याला उत्तर द्यायचे. किती वर्षे लागतील ह्याची कल्पना असती तर कदाचित ठरवले नसते.

बी.ए.ची परीक्षा तीनदा पुढे ढकलली गेली. ते दिवसच नक्षलवादी चळवळीचे होते. भिंती घोषणांनी भरलेल्या, कॉलेज कधी उघडे, कधी फाटकाला कुलूप, आणि बॉम्ब फुटला की कॉलेज स्ट्रीटवरचे पुस्तकवाले पत्र्याच्या झडपा ओढून घ्यायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा उघडायचे. वर्गातले काही जण पुस्तके सोडून निघून गेले. मला भित्रा म्हणाले. देश पेटला असताना तू स्मृतीवर वाद घालतोस, असे एकाने सुनावले. मी खिदिरपूरची ट्राम धरून घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी फाटक उघडले असेल म्हणून परत गेलो. दर वर्षी वडील रेल्वेच्या क्लार्कच्या परीक्षेचा फॉर्म आणत. दर वर्षी मी तो भरत नसे. ज्या वर्षी माझे वय उलटले, त्या वर्षी त्यांनी फॉर्म आणला नाही आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, त्याला आता शिकू दे, दुसरं काही उरलंच नाही.

एम.ए. झाल्यावर मी डॉक्टरेटसाठी नाव नोंदवले. माझे मार्गदर्शक विलायतेत शिकून आलेले होते. त्यांनी सुचवलेले दोन विषय मी नाकारले. स्मृती हे अस्सल ज्ञान आहे, मला एवढेच सिद्ध करायचे आहे, असे म्हणालो. सरांनी चष्मा काढून पाहिले आणि सांगितले, मग ज्यांच्याशी भांडायचे आहे त्यांच्या घरी जाऊन आधी शीक. त्यांनी मला उत्तर कलकत्त्यातल्या एका पंडितांकडे पाठवले.

पंडितांनी जन्मभर न्यायशास्त्र शिकवले होते. मी मराठी आहे हे कळताच त्यांनी माझे नाव बर्गी ठेवले. दोनशे वर्षांपूर्वी मराठ्यांचे घोडेस्वार बंगालात लूट करून गेले, त्यांना इथे बर्गी म्हणतात, आणि आया अजून त्या नावाने पोरांना भिववतात. मी दारात दिसलो की पंडित आत हाक मारत, "तांदूळ झाका, बर्गी आला."

एकदा मी धीर करून म्हणालो, "पंडितमशाय, स्मृतीला किंमत नाही, मग मी बर्गी हे तुम्हाला कसं कळलं?"

"ते आईनं सांगितलं. ते शब्दप्रमाण झालं, स्मृती नव्हे," ते म्हणाले. "बस खाली. लुटारूला इतकं सोपं घर मिळत नाही."

त्यांच्याकडे शिकण्याची एक रीत होती. खंडन करण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाची बाजू, आणि तीही विरोधकाच्याच तोंडून बोलावी तशी. मी मांडायचो, ते विरोधक होऊन ऐकायचे. मग मान हलवायचे. हा मी नव्हे, म्हणायचे, हा तू रंगवलेला मूर्ख आहे, परत मांड. समोरच्याने ऐकून होय, हेच माझे म्हणणे, असे म्हणेपर्यंत आपल्याला उत्तराचा अधिकार नाही, हा त्यांचा नियम. स्मृती अस्सल ज्ञान का नव्हे, हे मी त्यांच्यापुढे चार महिने मांडत होतो. कधी कधी परत येताना ट्राममध्ये वाटे, की पंगतीतले साहेब बरोबरच बोलले होते. एके दिवशी पंडित डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "हा मी. आता लिही."

प्रबंधात पूर्वपक्षाची नव्वद पाने झाली. त्या नव्वद पानांत कुठेही 'असे विरोधक म्हणतात' असे मी लिहिले नाही, कारण पंडितांकडे तसे कोणी म्हणत नसे. सुरुवातीला एका ओळीत पूर्वपक्ष मांडतो असे सांगायचे, मग त्याचे घर पूर्ण बांधायचे. माझे स्वतःचे म्हणणे शेवटच्या चाळीस पानांत होते.

वर्षभराने बाहेरच्या परीक्षकाचा अहवाल आला. सरांनी मला खोलीत बोलावून तो वाचून दाखवला. उमेदवार स्वतःलाच विरोध करतो, असे त्यात होते. दीर्घ आणि उत्तम युक्तिवाद करून त्याने स्मृती अस्सल ज्ञान नाही असे सिद्ध केले आहे, आणि शेवटी कोणत्याही कारणाशिवाय तो उलट बोलू लागतो. प्रबंध दुरुस्तीसाठी परत पाठवावा.

पूर्वपक्ष मांडतो असे सांगणारी ती एक ओळ परीक्षकाच्या नजरेतून निसटली होती. मला हसू आले, आणि मग हसू येणे बंद झाले.

सर म्हणाले, सोपे आहे. नव्वदची दहा पाने कर, नाहीतर प्रत्येक परिच्छेदाला 'विरोधकांच्या मते' असे जोड. दोन महिन्यांत डिग्री हातात पडेल. एका कॉलेजात जागा निघते आहे, तिथे डिग्रीशिवाय घेणार नाहीत.

"नाही सर," मी म्हणालो. "मी ते असं शिकलेलो नाही."

"तू तुझ्या विरोधकासाठी नोकरी घालवतो आहेस, कळतं आहे ना?"

"त्याची बाजू कापून मी जिंकलो, तर मी कोणाला उत्तर दिलं?"

सरांनी अहवाल घडी करून माझ्याकडे सरकवला. करायचे ते कर, म्हणाले, पण मग माझ्याकडे येऊ नकोस. मी उठलो आणि खरेच त्यांच्याकडे गेलो नाही.

मी पंडितांकडे गेलो. ते माझी पाठ थोपटतील अशी अपेक्षा होती. अहवाल ऐकून ते खूश झालेही. परीक्षक फसला, म्हणजे पूर्वपक्ष पुरा झाला, म्हणाले. मग त्यांनी विचारले, की विरोधकाला नव्वद पाने दिलीस, स्वतःला किती? चाळीस, मी सांगितले.

"मग चूक परीक्षकाची नाही. पाहुण्याला वाडा दिलास आणि स्वतः ओसरीवर झोपलास. तुझ्याकडे बोलण्यासारखं काही आहे का, बर्गी?"

हे मला अहवालापेक्षा जास्त लागले. कारण ते खरे होते. मी चार महिने विरोधकाचे म्हणणे शिकलो होतो आणि माझे उत्तर मात्र पंगतीतल्या रागावर लिहिले होते.

मग मला रेकॉर्ड रूम आठवली. मी एम.ए.ला असताना एका पावसाळ्यात तिथे पाणी शिरले होते. वरच्या रॅकवरच्या फायली वाचल्या, पण खाली टेबलाच्या कप्प्यात ठेवलेले सूचीचे रजिस्टर, ज्यात कोणती फाईल कुठे ते लिहिलेले असे, त्याचा लगदा झाला. तेव्हा एका क्लार्कला वडिलांसमोर बसवले. वडील स्टुलावर बसून सांगत गेले, क्लार्क लिहीत गेला. अकरा दिवस. नंतर रॅकवर जाऊन पडताळले, आणि ते रजिस्टर कचेरीत प्रमाण मानले जाऊ लागले. पंगतीतले ते साहेब तोवर बदलून गेले होते. वडिलांनी ही गोष्ट घरी जेवताना सांगितली होती, तीही रोज बोलून घसा बसला ह्या तक्रारीसाठी.

मी घरी येऊन त्यांना पुन्हा सगळे विचारले. ते कंटाळले.

"हे तुझ्या पुस्तकात कशाला?"

"बाबा, ते रजिस्टर खरं की खोटं?"

"खरं. तपासलंय ना."

"मग ते तुमच्याकडून आलं. तुमचं आठवणं खोटं, कच्चं असतं, तर ते पक्कं कुठून झालं?"

वडील म्हणाले, "तुझे ते विरोधक म्हणतील, मी आधी फायली बघितल्या होत्या म्हणून ते पक्कं झालं."

तो पूर्वपक्षच होता, सातवी शिकलेल्या माणसाने एका वाक्यात मांडलेला. "आधीचा क्लार्कही बघूनच लिहीत होता," मी म्हणालो. "मग त्याच्या रजिस्टरला ज्ञान का म्हणायचं आणि तुम्हाला का नाही?"

"हां," वडील म्हणाले. "हे लिही."

मी लिहिले. एका कचेरीतला एक दफ्तरी, एवढाच उल्लेख केला. माझी चाळीस पाने एकशे दहा झाली. पूर्वपक्षाचा एक शब्द कापला नाही, एक शब्द जोडला नाही. परिच्छेदांना 'विरोधकांच्या मते' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या नाहीत. प्रबंध टाईप करून विद्यापीठाच्या खिडकीत परत दिला, पावती घेतली आणि वाट पाहू लागलो.

कॉलेजातली ती जागा दुसऱ्याला मिळाली. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडावी लागली, आम्ही हावड्याला दोन खोल्यांत आलो. मी एका शाळेत शिकवू लागलो. मंडळाच्या गणपतीत लोक विचारत, काय, अजून संपलं नाही का तुमचं? मी म्हणायचो, नाही. नवा पत्ता मी सरांना कळवला नाही. ती माझी घमेंड होती आणि ती मला महागात पडली, कारण विद्यापीठाकडेही जुनाच पत्ता राहिला. दीड वर्ष काही कळले नाही. मी खिडकीवर विचारायलाही गेलो नाही. कापायचे नाही हे ठरले होते, मग विचारायचे काय?

वडिलांना मात्र गार्डन रीचहून अधूनमधून बोलावणे येई. एखादी फार जुनी, रजिस्टरमध्येही नसलेली फाईल हवी असली, की नवा दफ्तरी निरोप पाठवी. वडील धुतलेला शर्ट घालून फेरीने नदी ओलांडून जात. अशाच एका दिवशी ते दुपारी परत आले आणि त्यांनी माझ्यापुढे एक पाकीट ठेवले. आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये आलेले, तिथल्या माणसाने कचेरीत आणून दिलेले, आणि नव्या दफ्तऱ्याने वडील येतील तेव्हा द्यावे म्हणून ठेवून दिलेले. पोस्टाचा शिक्का तीन महिन्यांपूर्वीचा होता.

आत सरांच्या अक्षरातले पत्र होते. खुशाली नव्हती. परीक्षकाच्या दुसऱ्या अहवालातल्या ओळी त्यांनी उतरवून दिल्या होत्या. मी त्या वडिलांना मराठीत सांगितल्या. प्रबंध आहे तसा मान्य करावा, पूर्वपक्ष कापू नये. पदवी द्यावी. उमेदवाराचा निष्कर्ष मला अजूनही पटलेला नाही, पण दफ्तऱ्याच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही.

वडिलांनी पायातल्या चपला काढल्या, कोपऱ्यात नीट लावल्या.

"शेवटचं परत वाच," ते म्हणाले.