जुलेखाखालाचा हिरवा मणी

खाला गेल्याचा फोन आला तेव्हा मी तहसील कचेरीबाहेर पत्रकं वाटत होते. तिची सून शबाना एवढंच म्हणाली, "सकाळी चहा मागितला, आणि..." उरलेली पत्रकं मी तशीच पिशवीत घातली. महिना झाला, पिशवी अजून उघडलेली नाही.

आमची वाडी आणि जुलेखाखालाचा मोहल्ला यांच्यामध्ये एक विहीर आहे. रस्ता रुंद करायला ती बुजवायची ठरली. कागदावर लिहिलं, 'वापरात नसलेली'. वापरात नसलेली म्हणे! लिहिणारा विहिरीपर्यंत चालत तरी आला होता का? मी पेटले. घरोघरच्या जुन्या वस्तू मागून आणल्या आणि शाळेच्या वर्गात मांडल्या. त्यात मोहल्ल्यातल्या एका माळ्यावरचं कापडी कडं होतं, बाहेरून मण्यांनी मढवलेलं. ते कशाचं, हे देणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. आणखी कोणाला विचारत बसायचा मला धीर नव्हता. पत्रकात ठोकून दिलं: 'दर्यावर्दी सरदाराचा मुकुट'. लाल-पांढऱ्या नक्षीत मध्येच भलतेच मणी होते, निळे, पिवळे, एक तर चक्क शर्टाचं बटण. नंतरचं ठिगळकाम समजून मी ते कात्रीने काढले आणि 'मूळ रूप परत आणले' असंही छापलं.

खाला काठी टेकत आली. कडं उलटं करून आतलं चेपलेलं कापड तिने बोटाने दाबलं. "मुकुट म्हणे. सरदाराचं टाळकं वरून उघडं होतं काय गो?" सगळा वर्ग हसला, मीसुद्धा. मग तिचं बोट कडेवरून फिरता फिरता थांबलं. मधले मणी कुठे गेले, विचारलं तिने. काढले, मी ऐटीत सांगितलं. ती बाकावर बसली.

"अगो, त्या बायका होत्या."

ती चुंबळ होती. नवी नवरी मोहल्ल्यातली असो की वाडीतली, या विहिरीचा पहिला हंडा तिने ही डोक्यावर ठेवून आणायचा आणि पुढच्या नवरीकडे देण्याआधी आपला एक मणी शिवायचा. जहाजावरचे नवरे मणी आणत. निळा बसऱ्याचा, पिवळा झांजिबारचा. बटण वाडीतल्या सखूचं. तिचा नवरा कधी जहाजावर गेलाच नाही, म्हणून तिने त्याच्या शर्टाचं तोडलं.

नशीब, मणी मी टाचण्यांच्या डबीत ठेवले होते. मग रोज दुपारी मी खालाकडे जायचे. मी सुई ओवायची, तिने शिवायचं. एकेका मण्याबरोबर एकेक नाव... कोण तिखट बोलायची, कोणाचा नवरा परतलाच नाही. मी लिहून घेत होते. असं हळू लिहायची मला सवय नव्हती. शेवटी तिचा स्वतःचा हिरवा उरला. तो आता शिव म्हटलं की म्हणायची, "माझा कुठे पळतोय? कापताना तुला घाई, शिवतानाही घाई."

विहीर अजून आहे. पिशवीतल्या त्या नव्या पत्रकात मुकुट नाही, घोषणा नाही. नुसती नावं आहेत, सखूपासून खालापर्यंत. चुंबळ शबानाने हिरव्या मण्यासकट माझ्याकडे दिली आहे. सखूच्या बटणाशेजारी एका मण्याएवढी जागा मोकळी आहे. शबाना म्हणते, तू कापलास, तूच शिव.

काल दुपारी मी सुई ओवली. माझं काम तेवढंच होतं. सुई त्या मोकळ्या जागेत टोचून ठेवली आहे...