बंद कारखान्यातली मोटर

जळलेल्या मोटरींमध्ये नवी तार भरून देणं हा काकूंचा धंदा. नवरा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, दुकान त्या एकट्याच चालवत. एका महिन्यात त्यांच्याकडे सात मोटरी आल्या, सगळ्या एकाच गल्लीतल्या. उघडून बघावं तर प्रत्येकीची तार सगळीकडून सारखीच काळी पडलेली.

त्या गल्लीत त्यांची धाकटी बहीण राहायची. दुपारी काकू व्होल्टमीटर घेऊन तिच्याकडे जाऊन बसल्या. थोड्या वेळानं दिवा मंदावला, पंखा रेंगाळला, फ्रिज कण्हल्यासारखा घुरघुरला. मग सगळं पूर्ववत.

"आली," बहीण हळूच म्हणाली.

"कोण?"

"कोपऱ्यावरच्या बंद कारखान्यातली. लोक म्हणतात, ती श्वास घेते."

काकू हसल्या नाहीत. मीटरचा काटा दोनशे तीसवरून दीडशेवर उतरला होता. दर अकरा मिनिटांनी पुन्हा तेच. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. एखाद्या वेळी निभावून जातं. पण दिवसातून शंभरदा तापली तर तारेवरचं वार्निश जळणारच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लाइनमनला गाठलं.

"त्या कारखान्याचं कनेक्शन चार वर्षांपूर्वी मीच तोडलंय, काकू," तो म्हणाला.

तरी मालकाकडून किल्ली आणून दोघं आत शिरले. धुळीवर पावलाचा एक ठसा नव्हता. तेवढ्यात तळघरातून काहीतरी गुरगुरलं. लाइनमन काकूंच्या मागे सरकला.

जिन्याखाली काळं पाणी साचलं होतं. चौथऱ्यावर ते उपसायची मोटर होती, गंजून जाम झालेली. फिरत नव्हती, नुसती थरथरत होती. खट्ट आवाज झाला आणि सगळं चिडीचूप.

"पाण्यात पाय टाकू नकोस," काकू म्हणाल्या. "जाम झाल्यानं ही सगळ्या गल्लीचं व्होल्टेज पाडते. तापली की रिले तिला बंद करतो, गार झाली की पुन्हा चालू. म्हणून ही वाचली, आणि रिले नसलेल्या गल्लीतल्या जळल्या."

टॉर्चच्या उजेडात मोटरीवरचा बिल्ला दिसला. त्यावर तार भरल्याची तारीख कोरली होती, आणि अक्षर त्यांच्या नवऱ्याचं होतं. काकू पायरीवर बसल्या. अकरा मिनिटं उलटली. मग मोटर पुन्हा थरथरली.

जमिनीखालून तळघरात गेलेली एक विसरलेली केबल लाइनमननं खांबावरच तोडली. मालकानं मोटर दुकानात पाठवली. काकूंनी ती उघडली. तार जरा तपकिरी झाली होती, एवढंच. बेअरिंग बदलून त्यांनी ती चालू केली. ती आवाज न करता फिरली. बराच वेळ त्यांनी ती बंद केली नाही.