भिंगरीवर राज्य

माझ्या वहिनीचं शिवणयंत्र खिडकीशी आहे. उजेडासाठी, असं ती सांगते. खरं कारण खाली अंगणात खेळत असतं. तिची लेक, भिंगरी. कुठलंही काम अगदी सावकाश करते म्हणून हे उलटं नाव मीच गमतीनं ठेवलं, आत्याच्या हक्कानं.

भिंगरीची समज वयाच्या मागे राहणार, हे डॉक्टरांनी लवकरच सांगितलं होतं. तेव्हापासून दादाचं एकच पालुपद, "लोकांनी हसण्यापेक्षा घरात बरी." वहिनीचं उलट. "मी काय जन्माला पुरणार आहे? तिला चार माणसांत राहता आलं पाहिजे." आणि रोज ती पोरीला खाली पिटाळायची.

मुलांनी तिला लपंडावात घेतलं, पण लिंबूटिंबू म्हणून. म्हणजे सापडली तरी तिच्यावर राज्य नाही. शेजारणी म्हणायच्या, किती गुणी पोरं! वहिनी मात्र धुसफुसायची. "हे लाड झाले. खेळ कुठाय यात?"

काल भिंगरी रडत वर आली. मागोमाग खालच्या मजल्यावरची तिखट जिभेची मुलगी.

"काकू, ही पहिली सापडली. राज्य हिच्यावर, तर पळून आली. रडीचा डाव चालणार नाही."

दादा ताडकन उठला. "तिला कळत नाही, माहितेय ना तुला?"

"कळतं, काका. माझी लपायची जागा हिनंच सगळ्यांना सांगितली."

वहिनीनं हातातल्या, गिऱ्हाइकाच्या अस्तरानंच लेकीचं नाक पुसलं. "राज्य आलंय ना? मग जा, घे."

दोघी खाली गेल्यावर ती दादाला म्हणाली, "अहो, आज पहिल्यांदा कुणीतरी तिच्याशी बरोबरीनं भांडलं. त्या पोरीचे फार उपकार झाले माझ्यावर." आणि बाही उलटी जोडून बसली. मग हसत हसत उसवू लागली.

खाली भिंगरी भिंतीकडे तोंड करून मोजत होती. "एक, दोन, सात..."

"नीट मोज, पहिल्यापासून," कुठूनसा आवाज आला. तिनं पहिल्यापासून मोजलं.

दादाला राहवेना. खिडकीतून वाकून म्हणाला, "भिंगरे, जिन्याखाली बघ."

"काका, सांगायचं नाही," लपलेली सगळी एकदम ओरडली.

भिंगरीनं कमरेवर हात ठेवून वर पाहिलं. "बाबा, तू आत जा."

दादा मुकाट्यानं आत आला. डोळे पुसायला त्यानंही तेच अस्तर घेतलं.